सरावापुरती सरळ रेघ

त्या कड्यावरून एकही फूल दिसत नसे. खाली उघडा दगड, समोर वारा आणि पलीकडे डोंगरांच्या तीन रांगा. फुलं होती ती त्या रांगांच्या पोटात, कधी या खोऱ्यात तर कधी त्या. ती कुठे आहेत हे एकीनं दुसरीला सांगितल्याशिवाय कड्यावरच्या नऊ पोळ्यांपैकी एकालाही हंगाम काढता आला नसता. एकीच्या मागून दुसरीनं उडत जावं, तर तेही शक्य नव्हतं. कड्यावरून झेप घेतली की वारा दोन माश्यांना दोन बाजूंना नेई. जिला जायचं तिनं वाट पोटात घेऊन एकटीनं जायचं, अशी तिथली रीत होती, आणि ती वाट पोटात उतरायची ती नाचातून.

नाच तसा साधा होता. फूल पाहून आलेली माशी पोळ्याच्या उभ्या भिंतीवर चढे आणि पोट थरथरवत एक रेघ चाले. मग वळून मागे येई आणि पुन्हा तीच रेघ. थरथर जितकी लांब, तितकं फूल दूर. रेघ सरळ वर गेली तर फूल सूर्याच्या दिशेला. रेघ डावीकडे किंवा उजवीकडे कलली, तर सूर्यापासून तेवढंच डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं. नुसतं बघून हा कल नीट कळत नसे. शिकणाऱ्या जणी नाचणारीच्या मागोमाग, तिच्या अंगाला मिशा टेकवून चालत. तीन-चार फेऱ्यांत वाट अंगात भिनली की निघत.

मधलं पोळं सगळ्यांत जुनं. बाकीची आठ पोळी आपल्या वयात आलेल्या पोरी तिथे नाच शिकायला पाठवत आणि त्यांच्यासोबत परागाची शिदोरी. मधल्या पोळ्याचं निम्मं पोट त्या शिदोरीवर भरे. मंजिरीबाई तिथल्या प्रमुख होत्या, आणि रुंजी तिथे नाच शिकवत असे.

रुंजी काळजीखोर स्वभावाची होती. शिकवून झालेली पोर उडून गेली तरी ती बराच वेळ कडेला बसून राही. बाकीच्या जणी तिला हसत. मग एका हंगामात मधल्या पोळ्यातल्याच एका नव्या पोरीनं नाच केला, चाळीस जणींनी तो वाचला आणि त्या निघाल्या. फुलं डावीकडच्या खोऱ्यात होती. त्या पोचल्या उजवीकडच्या सड्यावर, जिथे त्या दिवसांत दगडाशिवाय काही नसतं. परतीपुरता मध कुणाच्याच पोटात नव्हता. त्या चाळिसांत रुंजीची पाठची बहीण होती, आणि नाच करणारी पोर रुंजीच्या हाताखाली शिकलेली होती.

त्यानंतर रुंजीला कुणी हसलं नाही. कुणी दोषही दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. आठवड्यानं सगळ्या शिकवणाऱ्या जमल्या तेव्हा ती म्हणाली, "आपण शिकवतो ते पोरींना येतं का, हे आजवर कुणी बघितलेलं नाही. आपलं शिकवून झालं की त्यांना आलं, असं धरून चालतो."

"मग बघायचं कसं?" मंजिरीबाईंनी विचारलं.

"फुलावर जाऊन बसायचं. कोण पोचते ते बघायचं."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या रांगेपलीकडच्या एका बाभळीवर जाऊन बसली. पन्नास पोरींना पोटभर मध देऊन त्या बाभळीचा नाच दाखवलेला होता. संध्याकाळपर्यंत एकतीस आल्या. उरलेल्या एकोणीस भलतीकडे भटकून, दमून पोळ्यात परतल्या होत्या. रुंजीनं त्या एकोणीस जणींशी एकेकीला घेऊन बोलायला चार दिवस लावले. तेव्हा तिला कळलं की सकाळी वाचलेला नाच पोरी दुपारी तसाच धरून निघतात, पण तोवर सूर्य सरकलेला असतो. तिनं धडा बदलला. एकाच बाभळीचा नाच दिवसातून तीनदा करायचा, आणि दर वेळी रेघेचा कल कसा बदलतो ते पोरींना अंगाला अंग लावून दाखवायचं. पुढच्या वेळी अडतीस पोचल्या. त्याच्या पुढच्या वेळी चव्वेचाळीस.

त्या दिवसांत रुंजीला झोप लागे.

ही बातमी कड्यावर पसरली आणि आठही पोळ्यांच्या वडीलधाऱ्या एकत्र बसल्या. असं काही होतंय ते चांगलंच, असं सगळ्यांचं मत पडलं. पण मधल्या पोळ्यानं स्वतःच शिकवायचं आणि स्वतःच चांगलं म्हणायचं, हे काहींना पटेना. तपासणारा बाहेरचा हवा, कुठल्याच पोळ्याचा नको. अशी जात कड्यावर एकच होती, भुंग्यांची. भुंगे वाळक्या लाकडात भोक पाडून एकेकटे राहत. नाचाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, आणि म्हणूनच ते निःपक्षपाती आहेत हे सगळ्यांना मान्य झालं. ठरलं असं, की दर हंगामात भुंग्यांची मंडळी येईल, बघेल आणि मधल्या पोळ्याच्या दाराशी मेणाचे ठिपके लावून जाईल. सात ठिपके म्हणजे सर्वांत वर. आणि नुसतं चांगलं असून भागणार नाही. दर हंगामाला मागच्यापेक्षा एक ठिपका पुढे गेलेलं दिसलं पाहिजे. ही शेवटची अट रुंजीला मनापासून आवडली होती.

मंडळींचे प्रमुख भृंगराव होते. मोठे, काळेभोर, हळू बोलणारे. रुंजीनं त्यांना बाभळीवर घेऊन जाण्याची तयारी केली होती. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमची तळमळ मला दिसते," ते म्हणाले. "पण फुलावर बसून मी काय लिहू? एखादे दिवशी वारा असेल, एखादे दिवशी ढग येतील. पोर पोचली नाही तर त्यात तुमचं किती आणि वाऱ्याचं किती, हे मी कसं वेगळं करणार? उद्या कुणी मला विचारलं तर माझ्याकडे उत्तर हवं. पोळ्यात जे डोळ्यांना दिसतं ते मोजू. त्यात वाद नाही."

ते खोटं बोलत नव्हते. रुंजीला त्यांच्या म्हणण्यात चूक दाखवता आली नाही. त्यांनी मोजलं: रेघ मध्ये कुठे वाकडी होते का, थरथर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहते का, वळण गोल येतं का, किती पोरी नाच बघतात. तीन ठिपके मिळाले. मंजिरीबाईंनी त्या संध्याकाळी रुंजीला मधाचा एक जादा घोट दिला.

पुढच्या हंगामात चौथा ठिपका हवा होता. भृंगरावांनी जाताना सांगितलं होतं की जे केलं ते लिहिलेलं असावं. न लिहिलेलं आम्हाला मानता येत नाही. म्हणून मेणाच्या पट्ट्या करायला सुरुवात झाली. कुठल्या पोरीनं कधी किती फेऱ्या केल्या, कुणी शिकवलं, काय चुकलं, काय सुधारलं. मेण माशीच्या अंगातून येतं आणि ते यायला मध खावा लागतो, बराच खावा लागतो. एका पट्टीमागे कप्पाभर मध जाई. शिकवणाऱ्यांपैकी निम्म्या जणी पट्ट्या करू लागल्या. पट्ट्या ठेवायला जागा हवी, म्हणून मधाचे वरचे कप्पे रिकामे केले. रुंजीला हे फार वाटलं नाही, कारण त्या सालापासून कड्याच्या अगदी खाली, वरून न दिसणाऱ्या घळीतल्या जांभळाला दर हंगामात असा मोहोर येऊ लागला होता की वासावरच कुणीही जाऊन पोट भरून यावं. नाच न वाचताही पोळी भरत होती.

चौथा ठिपका मिळाला. पाचव्याच्या वेळी पोरींना नाचणारीच्या अंगाला चिकटून चालायचं बंद झालं, कारण त्या गर्दीत रेघ दिसत नाही अशी भुंग्यांची अडचण होती. पोरी रांगेत उभ्या राहून बघू लागल्या. रांगा सुंदर दिसत.

सहाव्याच्या वेळी भृंगराव पट्ट्या बघून झाल्यावर म्हणाले, "एक गोष्ट खटकते. प्रत्येकीची रेषा वेगळ्याच बाजूला तिरकी जाते. एकसारखेपणा नाही."

"तो कलच तर सगळं सांगतो, साहेब," रुंजी म्हणाली. "फूल कुठल्या बाजूला आहे ते त्याच्यात असतं."

"असेलच ना. तुम्ही म्हणता तर असणारच. पण एक रेषा इकडे, एक तिकडे, यांची तुलना मी कशी करू? कुणाची चांगली, कुणाची कमी, काय सांगू?"

मंजिरीबाई रुंजीकडे बघत होत्या. भृंगरावही बघत होते आणि त्यांच्या नजरेत खरोखर मदत मागितलेली होती. रुंजी म्हणाली, "सरावापुरती सगळ्यांनी सरळ वर रेघ काढली तर? खरा नाच करताना कल येईलच."

भृंगरावांनी मान हलवली. ते म्हणाले, हा मार्ग त्यांना सुचला नसता. पट्टीवर त्यांनी रुंजीचं नाव घातलं. सहावा ठिपका तिच्या देखत लागला. तिला त्या वेळी बरं वाटलं, आणि पुढे कधी तो दिवस आठवला की तिला त्या बरं वाटण्याची लाज वाटे.

सातवा ठिपका यायचा होता त्या साली जांभूळ मोहोरलं नाही.

पोरी सकाळी खाली जात आणि मोकळ्या येत. रुंजी दुपारी मधाच्या कप्प्यांवरून चालत जाई आणि पायानं टकटक करून बघे. भरल्या कप्प्याचा आवाज बसका येतो, रिकाम्याचा खणखणीत. रोज खणखणीत आवाज एकेक ओळ खाली उतरत होता. पोळ्याचा गुणगुणाटही बदलला होता. तो आता बारीक आणि चढा होता. पण वर्गात सगळं नीट चाललेलं होतं. अकराशे पोरी रांगेत उभ्या राहून सरळ वर रेघा काढत. इतक्या सरळ की एकीवर दुसरी ठेवावी.

त्यांच्यात केसर नावाची पोर पहिली होती. हुशार आणि कष्टाळू. तिच्या पट्टीवर चुकीची एकही खूण नव्हती. रुंजीचा तिच्यावर जीव होता.

एके दिवशी रुंजीला राहवलं नाही. पहिल्या रांगेमागे रानतुळशीचा एक लहानसा ताटवा तिला दिसला होता. तिनं केसरसकट दहा उत्तम पोरी घेतल्या, त्यांना त्याचा नाच करून दाखवला, खरा, उजवीकडे बराच कललेला, आणि स्वतः पुढे जाऊन त्या ताटव्यावर बसली. ऊन उतरेपर्यंत बसली. एकही आली नाही.

ती परतली तेव्हा सात जणी पोळ्यात होत्या. तीन नव्हत्या. त्या सात जणी सूर्याच्या रोखानं सरळ गेल्या होत्या, सांगितलं तेवढंच अंतर, आणि तिथे काही न मिळाल्यानं मागे फिरल्या होत्या.

"कल नाही बघितलास?" तिनं केसरला विचारलं.

केसर गोंधळली. "बघितला की, बाई. तुमची रेघ थोडी उजवीकडे गेली होती. मला वाटलं, तुम्ही दमलात."

रुंजी त्या तीन पोरींसाठी दार अंधारेपर्यंत बघत राहिली. मग ती मंजिरीबाईंकडे गेली. त्या पट्ट्यांच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. रुंजीनं जे झालं ते सांगितलं आणि म्हणाली, "तपासणी पुढे ढकला. पोरींना काहीच येत नाही. मला पंधरा दिवस द्या, मी पहिल्यापासून शिकवते."

मंजिरीबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. "परवा मंडळी येतायत. ढकलली तर ठिपका जातो. ठिपका गेला तर आठही पोळी पोरी पाठवायची बंद करतील, आणि त्यांच्या शिदोरीवर तर आपण आत्ता जगतोय. मधाच्या कप्प्यांत काय उरलंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग मी काय करू ते सांग."

रुंजी पट्ट्यांच्या ढिगाऱ्याकडे बघू लागली. मंजिरीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "एवढे दोन दिवस जाऊ देत. मंडळी गेली की दुसऱ्या सकाळपासून तू शिकव, हवं तसं शिकव. मी मध्ये येणार नाही." खाली ठेवलेली पट्टी त्यांनी पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली. रुंजीला दिसलं की ही बाई आपल्याइतकीच घाबरलेली आहे, आणि मग तिच्याशी भांडण्याचं बळच राहिलं नाही.

तपासणीच्या दिवशी पोळं धुऊन पुसून चकचकीत केलेलं होतं. रिकाम्या कप्प्यांची तोंडं ताज्या मेणानं बंद केली होती, म्हणजे ते भरलेले दिसावेत. भृंगराव आणि त्यांची मंडळी मध्यभागी बसली. अकराशे पोरींचा नाच सुरू झाला. त्यांच्या पोटांत दोन दिवस धड काही नव्हतं तरी एकीचाही पाय चुकला नाही. सगळं पोळं एका लयीत वर चढत होतं आणि एका लयीत वळत होतं. मंडळींमधला एक तरुण भुंगा हे बघता बघता लिहायचं विसरला.

तेवढ्यात दारातून गोदाक्का आत आली.

गोदाक्का ही जुन्या पिढीतली. शिकवणाऱ्यांत ती कधी नव्हती. आयुष्यभर बाहेर हिंडून फुलं शोधण्याचं काम तिनं केलं. गेले तीन दिवस ती दिसली नव्हती आणि ती गेली असंच सगळे धरून चालले होते. तिच्या डाव्या पंखाच्या चिंध्या झाल्या होत्या, पण मागच्या पायांना जांभळट पराग गच्च चिकटलेला होता. ती कुणाकडे न बघता भिंतीवर चढली, पोरींच्या रांगांमधून वाट काढत बरोबर मधोमध गेली आणि नाचू लागली.

रेघ वाकडी येत होती. फाटक्या पंखामुळे ती एका अंगाला झुके, थरथर मध्येच तुटे, वळणाला ती थांबून श्वास घेई. रांगा मोडल्या. पोरींनी तिच्याभोवती रिंगण केलं आणि सवयीनं बघू लागल्या. रिंगणात कुजबुज सुरू झाली. रुंजीला ती ऐकू आली. एक म्हणत होती, थरथर सारखी नाही. दुसरी म्हणत होती, वळण तर अर्धंच आहे. तिसरी म्हणाली, दोन ठिपके, फार तर.

"ही कोणत्या वर्गातली?" भृंगरावांनी विचारलं.

"वर्गातली नाही, साहेब. बाहेरून आली आहे," मंजिरीबाई म्हणाल्या.

"मग हिची नोंद कुठे करायची?" त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

मंजिरीबाई रुंजीच्या कानाशी आल्या. "तिला बाजूला घे. हळूच. दुखावू नकोस."

रुंजी खाली गेली. तिला बाजूला घ्यायलाच गेली होती. तिनं गोदाक्काच्या अंगाला मिशा लावल्या, आणि अनेक हंगामांनी तिच्या अंगाला कल लागला. डावीकडे, चांगलाच डावीकडे. ती थांबली नाही, गोदाक्काच्या मागोमाग चालू लागली. थरथर संपता संपेना. तीनही रांगांपलीकडे. दुसऱ्या फेरीत तिला वाट दिसू लागली. तिसऱ्या फेरीत गोदाक्का न वळताच म्हणाली, "कारवी फुललीय. आख्खा उतार. मला वाटलं कुणीच येत नाही मागे."

"मी आहे, अक्का."

"तू एकटीच?"

चौथी फेरी पुरी करून रुंजी तशीच दाराकडे निघाली. मंजिरीबाईंनी तिला हाक मारली नाही. हाक मारावी की मारू नये हे त्यांना ठरवता आलं नसावं.

वाट फार लांबची होती. दुसऱ्या रांगेवर वाऱ्यानं तिला दोनदा खाली आणलं. आपल्याही बाबतीत असंच झालं असेल, आपणही वाचायला विसरलो असू आणि पुढे दगडच असेल, ही भीती तिला सबंध वाटेत सोडत नव्हती. तिसरी रांग ओलांडली तेव्हा आधी वास आला, मग तो उतार दिसला. वरपासून खालपर्यंत जांभळा. नऊही पोळ्यांनी अख्खा हंगाम नेलं असतं तरी संपलं नसतं. तिथे एकही माशी नव्हती. रुंजी एका फुलावर बसली आणि आधी बराच वेळ नुसती बसून राहिली. मग तिनं पोट भरलं.

ती परतली तेव्हा दिवस कलला होता. मंडळी गेली होती. दाराशी सातवा ठिपका लावलेला होता, अजून ओला. आत शिरताच तिला पट्ट्यांच्या कप्प्यांपाशी गोदाक्का दिसली. ती पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि तिच्या पायांचा पराग कुणीतरी नीट काढून ठेवला होता.

मंजिरीबाई समोर आल्या. रुंजीनं मकरंदाचा एक थेंब त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी तो चाखला आणि त्यांचे डोळे मिटले.

"किती आहे?"

"सगळ्यांना पुरेल."

"तू नाच," मंजिरीबाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना बोलावते. नको त्या रांगा. सगळ्या खाली या म्हणते." आणि त्या स्वतः, प्रमुख असूनही, सगळ्यांत आधी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि मिशा टेकवल्या.

रुंजी नाचली. गोदाक्कासारख्या म्हाताऱ्या फुलशोध्यांपैकी सहा जणी उरल्या होत्या, दिवसभर बाहेर हिंडून नुकत्याच परतलेल्या. त्या दुसऱ्या फेरीलाच वाट घेऊन, एकमेकींकडे बघून उताराकडे उडाल्या. सहा जणींचा मध अकराशे पोरींना किती दिवस पुरणार, हे कुणी मोजलं नाही. मंजिरीबाई तीन फेऱ्या मागे चालल्या. मग थांबल्या. "लांबी कळली," त्या म्हणाल्या. "एके काळी मला कलही कळायचा…" त्या बाजूला झाल्या आणि मागच्या पोरींना जागा करून दिली.

पोरी आल्या. कसं चालायचं ते माहीत नसल्यानं त्या एकमेकींच्या पायात पाय अडकवत होत्या, माफी मागत होत्या आणि नकळत पुन्हा रांग धरत होत्या. सगळ्यांत पुढे केसर होती. दोन दिवसांच्या उपासानं तिचा रंग उतरला होता. रुंजी थांबली आणि शेवटचा थेंब तिला दिला.

केसरनं तो जिभेवर घेतला. तिचं सगळं अंग शहारलं. असं काही तिनं आजवर चाखलेलं नव्हतं. ती रुंजीच्या अगदी जवळ आली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "बाई, हे कुठे मिळतं?"

रुंजी वळली, भिंतीवर चढली आणि पुन्हा नाचू लागली. डावीकडे, सूर्य सरकला तसं आता आणखीच डावीकडे, लांब, न थांबता. तिनं पाचव्या फेरीला मान वळवून मागे बघितलं. केसर मिशा न टेकवताच एकटक तिच्या पायांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आलेले होते, आणि ती हळू आवाजात थरथरी मोजत होती.